चार बोटं काच

पिवळ्या साडीतली बाई उभ्या टेम्पोमागून निघाली तेव्हा हेमांगीचा पाय वेळेवर ब्रेकवर गेला. आजवर तो कधी गेला नव्हता. पहिल्या दिवसापासून ही बाई तिला आडवी येत होती. कधी टेम्पोमागून, कधी बसमागून, कधी काहीच कारण नसताना दुभाजकावरून उतरून. आणि दर वेळी हेमांगीने तिला उडवलं होतं. उडवलं म्हणजे काय, तर बाई कमरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरायची, तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही, समोरचे तिन्ही पडदे लाल व्हायचे आणि गाडी शिकवायच्या त्या यंत्रातला पुरुषी आवाज समजूत काढल्यासारखा सांगायचा, 'धडक झाली आहे. पुन्हा सुरू करा.' रक्त नाही, ओरडणं नाही, तिच्या डोक्यावरच्या टोपलीतलं काही सांडणं नाही. पुन्हा सुरू केलं की बाई आपली टेम्पोमागे हजर. आज मात्र गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाई आपल्या ठरलेल्या चालीने, मान न वळवता, रस्ता ओलांडू लागली आणि त्याच वेळी खोलीत कोणीतरी म्हणालं, "घाण!" मोठ्याने नाही. दाताला चिकटलेलं सुपारीचं खांड थुंकून टाकावं तसं. हेमांगीने वळून पाहिलं. खोलीत ती आणि शिकवणारी मेघाली, अशा दोघीच होत्या, आणि मेघाली तिच्याकडे बघून हसत होती.

"आता झाल्या काकी तुमी डायवर!" मेघाली म्हणाली. नवापूरची मुलगी, बोलताना सगळे दात दिसायचे. "आमचे सर काय सांगतात म्हायतेय? तोंडातून शिवी आली म्हंजे हात बसला. ज्याची शिवी येत नाय त्याला आमी रोडवर सोडतच नाय."

"मी म्हणाले?"

"मग काय ती पिवळीवाली म्हनाली?" मेघाली पुन्हा हसली आणि तिने बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. एकही धडक नाही, ब्रेक वेळेवर, आरसे पाहिले, इंडिकेटर दिला. या यंत्राला पायांचे दाब कळत होते, हातांची पकड कळत होती, डोळे कुठे वळले तेसुद्धा समोरच्या बारीक कॅमेऱ्यातून कळत होतं. तोंडाचं मात्र त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याने तिला पैकीच्या पैकी गुण दिले. हेमांगी सीटवर तशीच बसून राहिली. तिचा उजवा हात सीटच्या बाजूला लोंबत होता आणि त्याची दोन बोटं हवेत काहीतरी दाबून धरल्यासारखी वाकलेली होती. तिने तो हात उचलून मांडीवर ठेवला. स्टेअरिंगचं कव्हर आधीच्या शिकाऊ माणसाच्या घामाने अजून चिकट होतं, खोलीत लिंबाच्या वासाचा फवारा मारलेला होता, आणि त्या दोहोंच्या मधून तिच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. तिने पदराने तोंड दाबलं आणि ती उठली. मेघालीने सवयीने आवळा सुपारीची डबी पुढे केली. तिला वाटलं, काकींना पुन्हा यंत्र लागलं.

पहिल्या दिवशी ते लागलंच होतं. गाडी जागची हलत नाही, डोळ्यांपुढचा रस्ता मात्र पळतो, त्यामुळे पोटाला काय समजायचं ते समजत नाही, असं मेघालीने समजावलं होतं. हेमांगीला तेव्हा हसू आलं होतं. गाडी नसतानाच गाडी लागली म्हणून तिने घरी सांगितलंही होतं. पण आजचं वेगळं होतं. बोईसरच्या त्या इमारतीचा जिना उतरताना तिला पायरीगणिक वाटत होतं की तोंडात काहीतरी राहून गेलंय. केस असावा तसं. जिभेने शोधलं तर सापडत नाही आणि नाही म्हणावं तर आहेच. खाली रस्त्यावर कारखान्यांकडून येणारा तो नेहमीचा, सडक्या कांद्यासारखा वास होता. तिने सोडावाल्याकडून पाणी घेऊन चूळ भरली, पुन्हा भरली. सोडावाला म्हणाला, "भाभी, तबियत ठीक है?" ती हो म्हणाली. शेजारच्या दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. ओठ बारीक झालेले, वरचा ओठ एका बाजूने किंचित उचललेला. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. गेली एकोणीस वर्षं ती ते डाव्या सीटवरून बघत आली होती.

धीरजचं ते तोंड. धीरज तसा वाईट माणूस नव्हता, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. वाईट असता तर तिला काहीतरी नाव देता आलं असतं. कराडकडून तो नोकरीसाठी इथे आला, एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झाला, कामगारांना हेल्मेट घाला म्हणून हात जोडून विनवायचा. घरात आवाज चढवायचा नाही. स्वतःचे कपडे स्वतः घडी करायचा, लेकीच्या, स्वराच्या वेण्या घालायचा ती लहान असताना, हेमांगीपेक्षा नीट. पण गाडीत बसला, पट्टा लावला, एसी सुरू केला की त्याच्या मानेवरचं डोकं बदलायचं. समोर कोणी आडवं आलं, सायकलवरचा कामगार असो, डोक्यावर मोळी घेतलेली बाई असो, रिकाम्या डब्याची पिशवी हलवत शिफ्टवरून परतणारा बिहारी पोरगा असो, की धीरज आधी जीभ टाळूला लावून 'च्' करायचा. मग उजव्या हाताची दोन बोटं दारावरच्या बटणावर जायची. काच खाली यायची, अख्खी नाही, चार बोटं. तो तेवढ्या फटीतून म्हणायचा, "घाण!" आणि काच वर. समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत वर. त्याचं तोंड मग काचेपलीकडे हलताना दिसायचं, आवाज नाही. लगेच धीरज मागे वळून विचारायचा, "स्वरा, गाणं लावू का बाळा?" आणि त्याच्या आवाजात खरोखर माया असायची. ही शिवीसुद्धा नव्हती. शिवी परवडली; शिवी द्यायची तर समोर निदान माणूस लागतो. रस्ता झाडायला निघालेल्या माणसाने कोपऱ्यातला कचरा दाखवावा तसं तो म्हणायचा आणि विसरायचा.

स्वराला गाडी लागायची. अगदी लहानपणापासून. लिंबू हुंगवून झालं, आलं चघळायला देऊन झालं, पुढच्या सीटवर बसवून झालं, रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी नेऊन झालं. डॉक्टरांनी गोळी दिली; ती घेतली की पोर चार तास पेंगायची. शेवटी घरात पिशव्यांची घडी करून ठेवायची रीत पडली. भाजीच्या पातळ पिशव्या, त्रिकोणी घड्या घातलेल्या, गाडीच्या खणात. स्वरा स्वतःच त्या घालायची, सुबक, समोशासारख्या. दहावीच्या गणिताच्या पेपराला जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता होता. रिक्षाने जाते म्हणाली तर धीरजने ऐकलं नाही. घरात गाडी उभी असताना पोरगी रिक्षाने जाणार म्हणजे काय? पुलाखाली गर्दी होती, एक हातगाडीवाला मध्येच वळला, काच खाली आली, काच वर गेली, आणि स्वराला पिशवी उघडायला सवड मिळाली नाही. शाळेच्या पांढऱ्या ओढणीवर सगळं आलं. तिने ती ओढणी धुऊन, ओली पांघरून पेपर लिहिला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला होता, हे तिने नंतर कितीतरी दिवसांनी सांगितलं, आणि तेही दुसरंच काही सांगता सांगता. आणि मग अकरावीत असताना शाळेची सहल नाशिकला गेली. घाटाचा रस्ता, पंचावन्न पोरं, जुनाट बस. हेमांगी पिशव्यांचा गठ्ठा बाईंच्या हातात देऊन आली होती. परतल्यावर बाईंनी तो तसाच परत केला. म्हणाल्या, "हिला कुठली बस लागतेय? शेवटच्या सीटवर नाचत होती!" हेमांगीने घरी स्वराला विचारलं, बसमध्ये लागली नाही ती? स्वरा म्हणाली, "बसची काच उघडी असते ना, मम्मी." हेमांगीने दुसऱ्या दिवशी धीरजला गाडीची काच उघडी ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "या वासात? या धुळीत? आजारी पाडायचंय का पोरीला?" त्याचं खरंच होतं. आणि तेव्हा कधीतरी, भांडी घासताना की भाजी निवडताना, तिला आठवेना, हेमांगीला कळलं की पोरीला गाडी लागत नाही. तिला जे लागतं ते दुसरंच काहीतरी आहे.

हे ती धीरजला कसं सांगणार होती? एवढ्या सज्जन माणसाला? तिने सांगितलं की मला गाडी शिकायची आहे, भाजी आणायला बरं पडेल. मनात एकच होतं. बारावीनंतरची सीईटी. तिचं केंद्र कुठेही येऊ शकतं, विरार, वसई, आडरानातलं एखादं कॉलेज. आणि त्या दिवशी गोळी घेऊन पेंगत बसणं परवडायचं नाही. त्या दिवशी आपण गाडी चालवायची. पोरीला एक दिवस तरी कोरड्या कपड्यांनी परीक्षेला पोचवायचं. तिला वाटलं होतं धीरज खोडा घालील. तो उलट हरखला. त्यानेच हे यंत्र शोधून काढलं. त्याच्या कारखान्याच्या टँकरांचे ड्रायव्हर तिथे जायचे. "रस्त्यावर शिकायचं काही कारण नाही, हेमा," तो म्हणाला. "इथे शंभर चुका कर. कोणालाही लागत नाही. तेच तर त्यातलं भारी आहे." पहिल्या दिवशी तो बरोबर आला आणि हौसेने स्वतः यंत्रात बसून त्याने चालवून दाखवलं. सुरेख चालवलं. पिवळ्या साडीवाल्या बाईला वाट दिली, निळ्या शर्टवाल्या म्हाताऱ्याला वाट दिली, दप्तरवाल्या पोराला वाट दिली. या शहरात तेवढीच माणसं होती, तीच ती फिरून यायची. मेघालीने टाळ्या वाजवल्या. पण हेमांगी बघत होती. दर माणसामागे त्याची जीभ टाळूला लागत होती आणि उजवा हात सीटच्या बाजूला, जिथे दार असायला हवं तिथे, हवेत बटण शोधत होता. त्या यंत्राला दारच नव्हतं. तिला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. आज तिचीच बोटं तिथे गेली.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तिची आई ही म्हण उठताबसता म्हणायची, शेजारणींच्या सुनांबद्दल, वाडीत नव्याने आलेल्या गड्यांबद्दल. एडवणला त्यांची वाडी होती, केळी, पानवेली, थोडी भाजी. आई पाटी डोक्यावर घेऊन सफाळ्याच्या बाजाराला जायची. रस्त्याच्या कडेने, कारण मध्ये चालायची सोय नव्हती. आणि कडेलाही चिखल असायचा तेव्हा डांबरावरून. बाजारातून आली की आधी पाय धुवायची आणि मग त्या दिवशी कोण कोण अंगावर गाडी घालून गेलं ते सांगायची, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून. सगळे हसायचे. हेमांगी सगळ्यात जास्त हसायची. मग लग्न झालं आणि ती काचेच्या आत आली. आत गार होतं. हे खरं तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एकदा माहेरीच निघाले होते, पालघरजवळच्या माहीमच्या वळणावर पाट्या घेतलेल्या बाया ओळीने आडव्या गेल्या. काच खाली आली. घाण. काच वर गेली. आणि हेमांगीला, जिच्या आईच्या डोक्यावरची चुंबळ अगदी तशीच असायची तिला, राग आला तो त्या बायांचा. जरा बाजूने चालायला काय होतं यांना, असं तिच्या मनात आलं. त्यामागोमाग एसीचा गार झोत गळ्यावर आला आणि बरं वाटलं. आपण आत आहोत याचं बरं वाटलं. आज त्या बऱ्या वाटण्याचीच तिला शिसारी येत होती. नाल्याच्या पाण्यात हात घालून काहीतरी काढावं आणि ते आपलंच मंगळसूत्र निघावं तशी.

संध्याकाळी धीरजने आल्या आल्या विचारलं, "मग? काय म्हणते आमची ड्रायव्हर?" मेघालीच्या सरांचा फोन त्याला आधीच गेला होता. त्याने येताना रबडी आणली होती. जेवताना तो मुलाखत घेतल्यासारखा विचारत होता, टेम्पोच्या मागचा टप्पा जमला का, गोल चौकात कोणत्या बाजूने वळलीस. हेमांगीने ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण तोंडातला तो केस जात नव्हता.

"अहो, आज ब्रेक लावल्यावर माझ्या तोंडून निघालं."

"काय?"

"घाण." तिने शब्द अगदी हळू उच्चारला.

"कोणाला?"

"त्या पिवळ्या साडीच्या बाईला. पडद्यावरच्या."

धीरज मनापासून हसला. "अगं, मग काय झालं? ती कुठे खरी आहे! पण सवय लावून घेऊ नकोस. रस्त्यावर डोकं थंड ठेवायचं. मला बघ. एवढी वर्षं चालवतोय, कधी कोणाला वाकडा शब्द बोललोय का?"

तो थट्टा करत नव्हता. हेमांगीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, नीट पाहिलं. तिथे लबाडीचा ठिपकाही नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. श्वास घेतल्यासारखं तो ते म्हणायचा आणि श्वास मोजून कोण लक्षात ठेवतो? समोर स्वराच्या हातातला घास ताटापासून तोंडापर्यंतच्या मध्येच थांबला होता. तिने बापाकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. खूप दूरवरून पाहावं तसं. मग तो घास तिने ताटात परत ठेवला आणि म्हणाली, "मला रबडी नको." हेमांगीने धीरजची वाटी भरली, आपली भरली, आणि चमच्यावर चमचे खाल्ले. गोडाने ते जाईल असं तिला वाटलं. गेलं नाही. उलट गोडाला त्याची चव आली.

त्यानंतर ती खऱ्या रस्त्यावर शिकली. शेजारी मेघाली, पायाशी जादा ब्रेक. खऱ्या रस्त्यावर तीच ती माणसं फिरून येत नव्हती, हेच तिला आधी भयंकर वाटलं. दर माणूस नवा. दर माणसाला तोंड होतं आणि ते तोंड काचेतून तिच्याकडे बघत होतं, काहीतरी यायची वाट बघितल्यासारखं. तिने एक उपाय केला. गाडीत बसताना जिभेखाली लवंग धरायची. तोंडात लवंग असली की जीभ तिला सांभाळण्यात गुंतते, टाळूला लागत नाही, 'च्' होत नाही. मेघाली म्हणाली, "काकी, दात दुखतो का?" ती हो म्हणाली. वाणगावच्या रस्त्याने, तारापूरच्या रस्त्याने, आठवडी बाजाराच्या गर्दीतून ती लवंग धरून गाडी चालवत राहिली आणि एकदाही तिच्या तोंडातून काही आलं नाही. मनात येत होतं. ते मात्र दर वेळी, न चुकता, कोणी आडवं आलं की शिंकेसारखं यायचं. आणि लवंगेच्या तिखटाबरोबर ती ते गिळायची. रोज इतकं गिळून पोटात त्याचं काय होत असेल, असं तिला रात्री वाटायचं. लायसन मिळालं तेव्हा धीरजने गाडीला हार घातला.

सीईटीचं केंद्र आलं मनोर रस्त्यावरच्या एका कॉलेजात. धीरजला रजा मिळत होती. हेमांगी म्हणाली, मी सोडते. त्याने किल्ली दिली, टायरमधली हवा बघितली, काचा पुसल्या, आणि फाटकाशी उभा राहून हात हलवत राहिला. हातात स्वराची पाण्याची बाटली राहिली होती, ती द्यायला धावत आला. इतका चांगला माणूस, हेमांगीच्या मनात आलं, आणि तिला रडूच यायला लागलं. पण लवंग तोंडात होती. शेजारी स्वरा मांडीवर पारदर्शक फोल्डर घेऊन बसली होती. फोल्डरमध्ये हॉलतिकीट, पेन, आणि त्रिकोणी घडीची एक पिशवी. गोळी तिने घेतली नव्हती. अंगात फिकट गुलाबी, कालच इस्त्री केलेला कुर्ता. "बरं वाटतंय ना?" हेमांगीने विचारलं. "हं," स्वरा म्हणाली. उमरोळी मागे पडली. एसी चालू, काचा बंद. धीरजने तसंच लावून दिलं होतं आणि हेमांगीने काही बदललं नव्हतं. स्वराच्या चेहऱ्याकडे ती दर थोड्या वेळाने बघत होती. पोर समोर बघत होती, ओठ मिटून. पण फिकी नव्हती. होईल. पोचू आपण. पालघर आलं, दुकानं उघडत होती, चार रस्त्याच्या अलीकडे एक टेम्पो अर्धा रस्ता अडवून माल उतरवत उभा होता.

आणि त्याच्या मागून बाई निघाली. पिवळी साडी नव्हती. जांभळं लुगडं, डोक्यावर मासळीची पाटी, एका हाताने पाटी धरलेली, दुसऱ्या हातात लहानशी बालदी. हेमांगीचा पाय वेळेवर ब्रेकवर गेला. गाडी हातभर अंतरावर थांबली, अगदी यंत्रात थांबली तशी. पण बाई दचकली. पडद्यावरची कधी दचकली नव्हती. पाटी कलली, दोनचार बोंबील सुळकन रस्त्यावर पडले, बालदीतलं पाणी लुगड्यावर सांडलं. हेमांगीने जीभ लवंगेवर दाबून धरली. तोंडातून काहीही आलं नाही. तिला वाटलं, जिंकलं. आणि मग तिला तो आवाज ऐकू आला, बारीक, मोटारीचा, घूंऽऽ. काच खाली येत होती. तिने खाली पाहिलं. तिचीच दोन बोटं बटणावर होती. तोंडाचा बंदोबस्त तिने केला होता. हाताचा करायचा राहून गेला होता. चार बोटं. बरोबर चार बोटं खाली येऊन काच थांबली. आणि शेजारून दुसरा आवाज आला, पातळ पिशवी उलगडल्याचा. स्वराने मान वळवलीसुद्धा नव्हती. तिला वळायची गरजच नव्हती. काचेचा आवाज तिच्या पोटाला पाठ होता.

बाई गाडीच्या उजव्या बाजूने, काचेच्या फटीजवळ आली होती. तिलाही तो आवाज पाठ होता, हे हेमांगीला तिच्या डोळ्यांवरून कळलं. काच उतरली म्हणजे काय येणार हे या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असावं. हेमांगीचं बोट बटणाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकलं. काच वर घ्यायची, एवढंच राहिलं होतं. एवढ्या वर्षांत काच इथे नेहमी वर गेलेली होती आणि त्यापुढे काय होतं ते तिला ठाऊकच नव्हतं. तिने बोट उचललं. पुन्हा दाबलं. काच खाली गेली, आणखी खाली, दाराच्या पोटात पार बुडेपर्यंत. मासळीचा वास, गटाराचा वास, डिझेल, सगळं भसकन आत आलं.

"काय गो? थांबली का?" बाई कडाडली. "दे ना शिवी, दे! गाडीत बसली म्हून रस्ता तुजा झाला काय? आमी काय कोंबड्या हाव, हुसकवायला? माजे बोंबील पडले, ते कोन, तुजा बाप उचलनार हाय? भवाने, पावडर लावून गार हवा खाते नि मानसं दिसत नाय तुला! रोज रोज काच खाली करता नि पळता, आज ऐकून जा जरा!"

मागून हॉर्न वाजू लागले. बाई थांबली नाही. हेमांगीच्या आईबापापासून गाडी विकणाऱ्यापर्यंत तिने कोणालाच सोडलं नाही. हेमांगी ऐकत होती. तिला आईची आठवण झाली, पाय धुता धुता हेच बोलणारी. ती रोज हे कोणाला तरी देऊन यायची असं घरच्यांना वाटायचं. पण तिचं कोणी कधी ऐकून घेतलंच नसणार. काच वर गेली असणार. म्हणून तर घरी येऊन बोलायची. हेमांगीची लवंग घशातच गेली, ती खोकली आणि खोकता खोकता तिने दार उघडलं, खाली उतरली, वाकून रस्त्यावरचे बोंबील उचलले. ओले, बुळबुळीत, चिखल लागलेले. पाटीत ठेवले. बाई जराशी गोंधळली. पण पुढचा शब्द तोंडात तयार होता, तो तिने वाया घालवला नाही. "मेली!" असं म्हणाली, आणि पदर सावरून पलीकडे निघून गेली.

हेमांगी परत बसली. स्टेअरिंगवर तिचे चिकट हात पडले, बोंबलांचा वास सगळ्या गाडीत. आता हिला होणार, तिला वाटलं, या वासाने तर होणारच. स्वरा पिशवी तोंडाशी धरून बसली होती. डोळे मिटलेले. हेमांगीने गियर टाकला, गाडी हलवली, चार रस्ता ओलांडला, मनोरकडे वळवली. स्वराच्या पिशवीत अजून काही पडलं नव्हतं. श्वासाबरोबर पिशवी फुगत होती, मिटत होती. बराच वेळ तशीच. मग स्वराने ती खाली घेतली, मांडीवर पसरून ठेवली आणि त्रिकोणी घडी घालायला लागली.

हेमांगीला वाटलं, पोरीला या वासाचा त्रास होत असेल. तिने हात बटणाकडे नेला.

"मम्मी," स्वरा म्हणाली, "काच राहू दे खाली."